कीचक आणि सावकार: गेममधला खरा दिसणारा खलनायक आणि खरा असलेला खलनायक

नवीन गेम आला की पहिलं कौतुक ठरलेलं असतं: ‘लई रिअल आहे!’ बोलणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असतं पाण्यावरचं ऊन, घोड्याच्या अंगावरचा घाम, खलनायकाच्या कपाळावरची शीर. ज्यात राक्षस आहेत, जादू आहे किंवा चित्रं नुसती ठिपक्याठिपक्यांची आहेत, तो मात्र टाइमपास. एकात वास्तव, दुसऱ्यात पळवाट, अशी ही वाटणी. मला ती पटत नाही. खलनायक खरा दिसणं आणि खलनायक खरा असणं या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि इथे त्यांची सरमिसळ होते.

हा फरक समजून घ्यायला कोल्हापूरकराला लांब जावं लागत नाही. खरी कॉर्नरला ज्यांच्या स्मरणार्थ कॅमेऱ्याचं स्मारक आहे, त्या बाबूराव पेंटरांनी पाच वर्षांच्या अंतराने दोन खलनायक पडद्यावर आणले. १९२० च्या ‘सैरंध्री’त कीचक. भीमाने त्याचा वध केल्याचं दृश्य इतकं हुबेहूब उतरलं होतं की सेन्सॉरला ते कापावं लागलं. आणि १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये सावकार. तो शेतकऱ्याची जमीन गिळतो आणि शेतकरी गाव सोडून शहरात गिरणीकामगार होतो. तो तरुण शेतकरी व्ही. शांताराम यांनी उभा केला होता.

कीचक कितीही हुबेहूब दिसला, तरी तो मेला की गोष्ट संपते. द्रौपदी सुटली, प्रेक्षक घरी जायला मोकळा. सावकाराचं तसं नाही. तो एकटा माणूस नसतोच. त्याच्यामागे कागद असतात, अंगठे असतात, व्याज असतं. त्याला मारलं तरी जमीन परत येत नाही. म्हणून कुठल्याही गेमच्या खलनायकाबद्दल मी एकच प्रश्न विचारतो: हा मेल्यावर काय शिल्लक राहतं?

‘फार क्राय ३’ (२०१२) मधला वास नावाचा खलनायक घ्या. मायकेल मँडो या अभिनेत्याचा चेहरा, आवाज आणि हालचाली घेऊन घडवलेला हा माणूस समोर आला की अंगावर काटा येतो. पण गेम ज्या बेटावर घडतो, तिथलं एकेक ठाणं जिंकलं की झेंडा बदलतो आणि परिसर सुरक्षित होतो. अन्याय पुसता येतो, तोही गोळीने. हा कीचकच आहे, आणि फार देखणा कीचक आहे.

आता ‘पेपर्स, प्लीज’ (२०१३). लुकास पोप या एका माणसाने केलेला गेम. चित्रं ओबडधोबड, रंग राखाडी, देशाचं नाव आर्स्टोट्झ्का, म्हणजे नकाशावर नसलेलं. तुम्ही सीमेवरच्या चौकीत पासपोर्ट तपासणारे कारकून. जितकी माणसं बरोबर तपासाल तितके पैसे, आणि रात्री त्याच पैशांतून भाडं, जेवण, घर गरम ठेवण्याचा खर्च. एक गृहस्थ येतो, त्याची कागदपत्रं चोख. जाता जाता सांगतो, मागे माझी बायको आहे, तिला सांभाळून घ्या. बायकोकडे प्रवेशाचा परवाना नाही. सोडलंत तर चुकीची नोंद तुमच्या नावावर. सुरुवातीच्या दोन चुका माफ, पुढे दंड, आणि दंड म्हणजे घरात कुणीतरी उपाशी किंवा आजारी. इथे खलनायक कोण? मारायला कुणी समोर येतच नाही. शिक्का तुमच्याच हातात असतो. ज्याने एखाद्या कार्यालयात ‘एक कागद कमी आहे’ हे ऐकून परतीचा रस्ता धरला आहे, त्याला हा गेम कळायला ग्राफिक्स कार्ड लागत नाही.

दोन्ही गोष्टी एकत्र येतात तेव्हा काय होतं, ते ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ (२०१८) मध्ये दिसतं, आणि इथे मला जरा थांबायचं आहे. या गेमची कीर्ती दिसण्याबद्दल आहे. बंदूक साफ करावी लागते, घोड्याला खरारा करावा लागतो, दाढी वाढत जाते. खलनायकही आहे, मायका बेल, पहिल्या भेटीपासून नकोसा वाटणारा. पण गेमचा कणा त्याच्यात नाही. गोष्ट एका दरोडेखोरांच्या टोळीची आहे. त्यातला स्ट्रॉस व्याजाने पैसे देतो आणि वसुलीला नायकाला, आर्थर मॉर्गनला, पाठवतो. थॉमस डाउन्स नावाच्या आजारी शेतकऱ्याला आर्थर अंगणात बडवतो. बटण आपण दाबतो, आणि ते टाळून गोष्ट पुढे सरकत नाही. डाउन्स खोकतो, रक्त आर्थरच्या तोंडावर उडतं. त्यातून आर्थरला क्षयरोग लागतो. पुढे डाउन्सची विधवा शहराच्या रस्त्यावर देह विकताना भेटते. सावकारी पाशच हा, फक्त इथे आपण वसुलीवाल्याच्या बाजूला उभे आहोत. शेवटी मायकाला मारता येतं आणि त्या क्षणी हायसंही वाटतं. पण श्रेयनामावली चालू असताना सरकारी माणसं मायकाच्या प्रेताचा माग काढत जॉन मार्स्टन या टोळीतल्याच जुन्या साथीदाराच्या शेतापर्यंत पोहोचतात. कीचकवध झाला, आणि त्यातूनच पुढचं संकट आलं.

खलनायकाला दुःखी बालपण दिलं म्हणजे तो खरा झाला, असंही पुष्कळांना वाटतं. रडका कीचक हा कीचकच. त्याचा भूतकाळ कळल्याने आपल्या कृतीची किंमत बदलत नसेल, तर ती फक्त सजावट आहे. ‘फार क्राय ४’ मध्ये हुकूमशहा पेगन मिनचा भूतकाळ आहेच, पण मला अस्वस्थ केलं ते बंडखोरांनी. अमिता आणि सबल यांच्यापैकी ज्याला निवडाल, तो सत्ता आल्यावर निर्दय होतो.

मग कीचकाच्या गोष्टी कमी दर्जाच्या का? अजिबात नाहीत. ‘सावकारी पाश’ तेव्हा फारसा चालला नव्हता, आणि त्याबद्दल प्रेक्षकाला दोष द्यावा असं मला वाटत नाही. ज्याला दिवसभर न सुटणारे प्रश्न भेटतात, त्याला संध्याकाळी निकाली कुस्ती बघायची असते. पाठ टेकली, हलगी कडाडली, संपलं. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सने केलेल्या ‘राजी’ (२०२०) मध्ये एक मुलगी भावाला सोडवायला महाबलासुराच्या सैन्याशी लढते. कुणी त्याला पळवाट म्हणेल, मी विसावा म्हणेन. तो गेम स्वतःला वेगळं काही म्हणवून घेत नाही.

माझी हरकत आहे ती सावकाराचा पोशाख घातलेल्या कीचकाला. ‘कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर’ (२०१९) मध्ये बंदुका खऱ्यासारख्या, रात्रीचा अंधार खऱ्यासारखा, युद्धाची धूळ खऱ्यासारखी. त्यात ‘हायवे ऑफ डेथ’ नावाचा रस्ता येतो आणि गेम सांगतो की तिथला संहार रशियनांनी केला. प्रत्यक्षात या नावाने ओळखला जाणारा रस्ता कुवेतहून इराककडे जाणारा, आणि १९९१ मध्ये माघार घेणाऱ्या इराकींच्या ताफ्यांवर तिथे बॉम्ब टाकले ते अमेरिकेच्या नेतृत्वाखालच्या फौजांनी. गेमचा देश काल्पनिक आहे हे खरं, पण नाव उचललं खरं आणि पाप टाकलं दुसऱ्याच्या पदरात. त्या दोषाला एक चेहरा दिला, जनरल बार्कोव्ह, आणि त्याला ठार मारल्यावर खेळणाऱ्याचं मन निवांत. चित्र जितकं हुबेहूब, तितकी ही लबाडी पचायला सोपी. राक्षसांच्या गेममधून कुणी इतिहास शिकत नाही, यातून मात्र शिकल्यासारखं वाटतं.

घरातल्या मुलाने ‘रिअल’ गेम मागितला तर त्याला आधी खलनायकाबद्दल विचारा: त्याला हवं काय आहे, आणि तो हरल्यावर कुणाचं काय सुटतं? ‘पेपर्स, प्लीज’ २०२२ पासून मोबाइलवरही मिळतो. मोठ्या मुलांसोबत बसून तो खेळण्यासारखा आहे. बायकोच्या परवान्याचा प्रसंग आला की निर्णय त्यांना घेऊ द्या, आणि तो का घेतला, ते सांगू द्या.