रास्ता रोको आणि मदतकार्य (मराठवाडा)

दुष्काळ, अतिवृष्टी किंवा भूकंपाच्या वेळी पाणी, चारा, धान्य व औषधे पोहोचवण्याच्या कामाचा रास्ता रोको, चक्का जाम, बंद आणि त्यामागून येणाऱ्या संचारबंदीमुळे होणारा खोळंबा. मराठवाड्यातला पेच असा, की रस्ता अडवणारा आणि मदतीची वाट पाहणारा पुष्कळदा एकाच गावचा असतो. मागणीही टँकरची, चारा छावणीची नाहीतर रखडलेल्या पंचनाम्यांचीच असते.

सगळ्यांत नाजूक दुवा टँकरचा. गावाला पाणी मंजूर होते ते खेपांच्या हिशेबाने. बैलगाड्या आडव्या लावून दोन-तीन तास रस्ता धरला तरी एखादी खेप बुडते, आणि बुडालेली खेप दुसऱ्या दिवशी वाढवून मिळेलच असे नाही. पावसाळ्यात तऱ्हा वेगळी. संभाजीनगर, बीड आणि धाराशिव जोडणारा धुळे–सोलापूर महामार्ग तुंबला, तर आडवाटेला लागलेला धान्याचा ट्रक काळ्या मातीत रुततो.

लातुरात मार्च २०१६ मध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदीचे कलम १४४ लावावे लागले होते. मिरजेहून सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे आली ती त्यानंतर, १२ एप्रिलला. वाट अडायला आंदोलनच लागते असेही नाही: ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर बघ्यांच्या गर्दीनेच बचावकार्याला अडथळा झाला.

अलीकडे रस्त्याइतकीच अडचण इंटरनेटची होते. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस बीडमध्ये जाळपोळ झाली, संचारबंदी लागली, इंटरनेटही बंद झाले. रेशन ई-पॉस यंत्रावर अंगठा टेकवून मिळते आणि नुकसानीच्या अनुदानाला पुष्कळदा ई-केवायसी (ऑनलाइन ओळख पडताळणी) लागते. जाळे तुटले की दोन्ही अडतात.

आपत्तीच्या कामात वाजवी कारणाशिवाय अडथळा आणणे हा आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ५१ खाली गुन्हा आहे. रुग्णवाहिकेची वाट अडवल्यास मोटार वाहन कायद्याने दहा हजार रुपयांपर्यंत दंड होतो. पण रुग्णवाहिकेला वाट मिळते ती दंडाच्या धाकापेक्षा रिवाजाने. ९ ऑगस्ट २०१६ ला औरंगाबादेतून सुरू झालेल्या मराठा मूक मोर्चांतही गर्दी दुभंगून तिला वाट दिली जाई. तिचा भोंगा लांबून ऐकू येतो. चाऱ्याचा ट्रक मात्र चार मालट्रकांसारखाच दिसतो. तहसीलदारांना दिलेल्या निवेदनात ‘अत्यावश्यक सेवा वगळून’ असे लिहिलेले असले, तरी त्यात हा ट्रक बसतो की नाही, हे बंदोबस्तावरचा फौजदार आणि रस्त्यावर बसलेले कार्यकर्ते जागेवरच ठरवतात.