पुळण : वाळूच्या किनाऱ्यावरील अधिवास

समुद्रकाठच्या वाळूच्या पट्ट्याला पुळण म्हणतात. परिस्थितिविज्ञानात पुळणीची हद्द जरा मोठी धरतात. लाटा जिथे फुटू लागतात तिथपासून वाळूच्या टेकड्यांच्या पहिल्या रांगेपर्यंतचा भाग हा एकच सलग अधिवास मानला जातो, कारण वाळू या संपूर्ण पट्ट्यात सतत ये-जा करत असते. खडकाळ किनाऱ्यावर कालवे आणि शेवाळ जागा धरून बसतात. पुळणीवर धरायला जागाच नसते, म्हणून ती ओसाड वाटते. प्रत्यक्षात तिथली बहुतेक वस्ती वाळूच्या आत असते.

पुळणीचे स्वरूप : भूविज्ञानात 0.0625 ते 2 मिमी. व्यासाच्या कणांना वाळू म्हणतात. कण, लाटा व भरती-ओहोटी यांच्या मेळातून पुळणीचा उतार ठरतो. 1984 मध्ये राइट व शॉर्ट या संशोधकांनी केलेले वर्गीकरण आजही सर्वाधिक वापरात आहे. फुटणाऱ्या लाटेच्या उंचीला, कण पाण्यात खाली बसण्याचा वेग व लाटेचा आवर्तकाल (एका लाटेनंतर दुसरी यायला लागणारा वेळ) यांच्या गुणाकाराने भागायचे. उत्तर 1 पेक्षा कमी आले तर पुळण परावर्तक, म्हणजे चढी व भरड वाळूची. 6 पेक्षा जास्त आले तर शोषक, म्हणजे सपाट, बारीक वाळूची व रुंद. शोषक पुळणीवर लाटेची शक्ती दूरवरच जिरते आणि काठाशी पाण्याचा पातळ पापुद्रा तेवढा पोचतो. परावर्तक पुळणीवर लाट थेट काठावर आदळते. दोहोंच्या मधल्या अवस्थांत दांडे व खळगे तयार होतात आणि ऋतुमानानुसार एकच पुळण एका अवस्थेतून दुसरीत जाते.

परावर्तकाकडून शोषकाकडे जाताना जातींची संख्या वाढत जाते, हे अनेक खंडांवरील पाहणीत दिसले आहे. भरड वाळू आणि आदळती लाट यांत बिळ करून टिकणे थोड्यांनाच जमते. भरतीरेषेच्या वर राहणाऱ्या प्राण्यांना मात्र हा नियम तितकासा लागू पडत नाही. चढ्या पुळणीवर पाणी त्यांच्या बिळापर्यंत क्वचितच येते, त्यामुळे तिथे त्यांचे बरे चालते.

पट्ट्यांचा वाद : पुळणीवरील प्राणी आडव्या पट्ट्यांत विभागलेले असतात का, आणि असल्यास किती पट्ट्यांत, यावर एकमत नाही. स्वीडनचे संशोधक डाल यांनी 1952 मध्ये कवचधारी (खेकडे, कोळंबी यांच्या गटातील) प्राण्यांच्या आधारे तीन पट्टे मांडले. सर्वांत वर भूतखेकडे किंवा टॅलिट्रिड कुळातील उड्या मारणारे अँफिपोडा (बाजूंनी चपटे, लहान कवचधारी), मध्ये सिरोलॅनिड कुळातील आयसोपोडा (वरून चपटे, लहान कवचधारी), आणि खाली इतर अँफिपोडांची मिश्र वस्ती. उष्ण प्रदेशात वरच्या पट्ट्यात खेकडे व थंड प्रदेशात अँफिपोडा, हे त्यांचे निरीक्षण ढोबळमानाने टिकून आहे. फ्रान्समधील साल्वा यांनी 1964 मध्ये प्राणी बाजूला ठेवून वाळूतल्या पाण्यावरून चार पट्टे आखले: कोरडा, ओल धरून ठेवणारा, ओहोटीच्या वेळी पाणी पाझरून बाहेर येते तो, आणि कायम भिजलेला. दक्षिण आफ्रिकेच्या ब्राउन यांना हे दोन्ही अती वाटले. त्यांच्या मते सर्वत्र लागू पडतील असे दोनच भाग आहेत: हवेत श्वास घेणारे वर, पाण्यात श्वास घेणारे खाली.

साल्वांचे पट्टे कुदळीने खणून पडताळता येतात आणि एखादी जात गैरहजर असली तरी मोडत नाहीत, ही त्यांची जमेची बाजू. पण प्राणी भरतीबरोबर वर सरकतात व ओहोटीबरोबर उतरतात. कागदावरचा पट्टा ही त्या एका वेळेची नोंद असते. तुलनेसाठी ब्राउन यांची विभागणी निर्धोक आणि एकाच पुळणीच्या तपशिलासाठी साल्वांची उपयुक्त, असे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून होईल.

जीवसृष्टी : वाळूच्या कणांमधील पोकळीत सूत्रकृमी, हार्पॅक्टिकॉइड कोपेपोडा (सूक्ष्म कवचधारी), टार्डिग्रेडा (आठ पायांचे सूक्ष्म प्राणी) असे अतिसूक्ष्म प्राणी राहतात. अमेरिकेतील मॅसॅचुसेट्सच्या एका पुळणीतून मिस्टॅकोकॅरिडा हा कवचधाऱ्यांचा संपूर्ण नवा गट सापडला. त्याचे वर्णन 1943 मध्ये पेनाक व झिन यांनी केले.

मोठ्या प्राण्यांत एमेरिटा या खेकड्याच्या नातलगाचे वर्तन पाहण्याजोगे आहे. लाट वर येताच तो वाळूतून सुटतो, पाण्याबरोबर वाहतो आणि मागच्या मागे घुसून समुद्राकडे तोंड करून रुततो. मग परतणाऱ्या पाण्यात पिसांसारख्या स्पर्शिका पसरून अन्नकण गाळतो. भूतखेकडा भरतीरेषेच्या वर बिळ करतो. त्याला कल्ले ओले ठेवावे लागतात. पायांच्या बुडाशी असलेल्या केसांच्या झुबक्यांनी तो ओल्या वाळूतूनही पाणी शोषून घेतो. टॅलिट्रस हा अँफिपोडा सूर्याच्या दिशेवरून समुद्राची बाजू ओळखतो, हे इटलीतील पार्डी व पापी यांनी 1950 च्या दशकात दाखवले.

समुद्री कासवांच्या सातही जाती अंडी घालायला वाळूतच येतात. पिलू नर की मादी हे घरट्याच्या तापमानावर ठरते. साधारण 29° से. च्या वर माद्या अधिक निपजतात. चिखल्या वर्गातील काही पक्षी उघड्या वाळूत नुसत्या खळग्यात अंडी घालतात. टेकड्यांच्या पायथ्याशी उष्ण कटिबंधात मर्यादवेल पसरते. तिच्या आडोशाने वाळू साचते, आणि नवी टेकडी उभी राहायला इथूनच सुरुवात होते.

ऱ्हास : भरतीने आणून टाकलेले शेवाळ व काडीकचरा हे वरच्या भागाचे मुख्य अन्न. यंत्राने पुळण ‘स्वच्छ’ केली की ते नाहीसे होते. काठाला बांधलेल्या भिंतीमुळे पुळणीला मागे सरकायला वाव उरत नाही आणि आधी कोरडा पट्टा जातो. काठावरच्या दिव्यांमुळे कासवांची पिले समुद्राऐवजी जमिनीकडे वळतात. बाहेरून आणून टाकलेल्या वाळूचा कण मूळ कणाशी जुळला नाही तर उतारही बदलतो. यातून सावरण्याची क्षमता सर्वांची सारखी नसते. एमेरिटा आणि डोनॅक्स शिंपल्यांचे डिंभ (अंड्यातून निघालेली अपक्व पिले) समुद्रात तरंगत येऊन जागा पुन्हा भरतात. टॅलिट्रिड मात्र पिले पोटाखालच्या पिशवीत वाढवतात आणि त्यांना तरंगणारी अवस्था नसते, त्यामुळे एका पुळणीवरून ते नाहीसे झाले तर शेजारच्या पुळणीवरून सहजी परत येत नाहीत.