कुशीतली तक्रार आणि सात जिनसांचा काढा

मार्च 1996मध्ये जपानच्या आरोग्य मंत्रालयाने एका काढ्याबद्दल तातडीचा इशारा काढला. साधारण दोन वर्षांत 88 जणांच्या फुप्फुसांना तीव्र सूज आली होती आणि त्यातले 10 जण दगावले होते. बहुतेकांना जुनाट हिपॅटायटिस, म्हणजे यकृताची सूज होती. औषध मात्र मुळीच नवं नव्हतं. चिनी ‘शाओ छायहू थांग’, म्हणजे ‘छोटा छायहू काढा’, जपानमध्ये ‘शो-साइको-तो’ नावाने दाण्यांच्या पुड्यांमधून मिळायचा आणि सरकारी आरोग्य विम्यात बसायचा. तापकऱ्यासाठी सांगितलेला काढा यकृताच्या रुग्णाच्या हातात कसा आला, याचा माग एका चार अक्षरी चिनी शब्दापर्यंत जातो.

काढ्याची पहिली नोंद ‘शांग हान लुन’ या हान राजवटीच्या अखेरच्या, म्हणजे इ.स. 200च्या आसपासच्या ग्रंथात आहे. आज वाचतात तो पाठ 1065मध्ये सोंग दरबाराने तपासून छापलेला, त्यामुळे मूळचं किती आणि नंतरचं किती हा वाद आहेच. कृती मात्र अगदी नेमकी आहे. छायहूची मुळं अर्धा जिन (एक जिन म्हणजे 16 ल्यांग). ह्वांगछिन, जिनसेंग, ज्येष्ठमध आणि ओलं आलं प्रत्येकी तीन ल्यांग. बानश्याचे कंद अर्धा शंग. आणि 12 लाल बोरं. बारा शंग पाण्यात उकळून सहा शंग उरवायचे, चोथा काढून टाकायचा आणि नुसतं पाणी पुन्हा चुलीवर ठेवून तीन शंगांवर आणायचं. तेव्हाचा शंग साधारण 200 मिलिलिटरचा, म्हणजे सुमारे अडीच लिटरचे सहाशे मिलिलिटर. आपल्या चतुर्थांश काढ्याचंच हे माप झालं, फक्त गाळून पुन्हा आटवणं जास्तीचं.

या सात जिनसा एकत्र का, हे समजायला ग्रंथातला रुग्ण डोळ्यांपुढे आणावा लागतो. त्याला कधी हुडहुडी भरते, कधी ताप चढतो. कुशी भरून आल्यासारख्या वाटतात. तो गप्प पडून असतो, अन्नावर वासना नसते, जीव कासावीस होतो, सारखं उमळून येतं. आजार अंगाच्या वरच्या थरात असता तर घाम काढला असता, खोल पोटात असता तर जुलाब दिला असता. इथे तो मधेच अडकलाय आणि घाम, ओकारी, जुलाब या तिन्ही वाटा बंद आहेत. म्हणून छायहूने अडकलेलं मोकळं करायचं आणि कडू ह्वांगछिनने आतली उष्णता उतरवायची. बानश्या आणि आलं उमळणं थांबवतात. जिनसेंग, ज्येष्ठमध आणि बोरं पोट धरून ठेवतात, म्हणजे आजार आणखी आत शिरायला जागा उरत नाही.

बानश्या आणि आल्याची जोडी मराठी वाचकाला फारशी समजावून सांगावी लागणार नाही. बानश्या अळू-सुरणाच्याच कुळातला. कच्चा कंद जिभेला लागला की घसा ओरबाडल्यासारखा होतो, कारण त्यातही सुईसारखे ऑक्सलेटचे स्फटिक असतात. आपण खाजऱ्या अळूला चिंच किंवा आमसूल लावतो, चिनी औषधांत बानश्याला आल्याची सोबत देतात. पाठ्यपुस्तकांत मग छायहू ‘राजा’, ह्वांगछिन ‘मंत्री’ आणि बाकीचे साहाय्यक नि दूत असा दरबार मांडलेला असतो. मूळ ग्रंथाने या काढ्याला ही दरबारी भाषा लावलेली नाही, ती पुढच्या टीकाकारांनी चढवली. मूळ ग्रंथ देतो ते बदल. कृतीच्या खालीच सात पर्याय आहेत: तहान असेल तर बानश्या काढा, पोट दुखत असेल तर ह्वांगछिन काढा, खोकला असेल तर जिनसेंग, बोरं आणि ओलं आलं काढून दुसरी दोन द्रव्यं घाला. म्हणजे हा काढा घट्ट बांधलेला कधी नव्हताच. खोकल्याचं हे कलम पुढे आठवावं लागेल.

आता तो शब्द. कुशी भरून येण्याला ग्रंथात ‘श्युंग श्ये खू मान’ म्हटलंय. पहिली दोन अक्षरं छाती आणि कुशी, शेवटचं भरलेपण. गोंधळ आहे तो ‘खू’चा. त्याचा रोजचा अर्थ ‘कडू’, म्हणून काही भाषांतरांत ‘कडवट भरलेपण’ अशी विचित्र गोष्ट दिसते. जुन्या चिनीत ‘खू’ क्रियापदासारखाही येतो, ‘अमुक गोष्टीने हैराण होणं’ या अर्थी. तसं वाचलं तर वाक्य सरळ होतं: रुग्णाला कुशीतल्या भरलेपणाचा त्रास होतोय. ही तक्रार त्याने तोंडाने सांगायची आणि वैद्याने ऐकायची.

अठराव्या शतकात जपानमध्ये हे उलटलं. क्योतोच्या एका जहाल वैद्याने यिन-यांगची सगळी चर्चा हवेतली म्हणून मोडीत काढली आणि सगळ्या रोगांचं मूळ पोटात असतं, तेव्हा आधी पोट तपासा, असा आग्रह धरला. रुग्णाला पाय लांब करून उताणं निजवायचं, बरगड्यांच्या कडेखाली बोटं घालून वर छातीच्या दिशेने दाबायचं. तिथे आडकाठी लागली किंवा रुग्ण कळवळला, तर तेच ‘क्योक्यो कुमान’. अक्षरं तीच, पण तक्रारीचं आता चिन्ह झालं होतं. रुग्णाने तोंड उघडलं नाही तरी वैद्याचं बोट ते शोधून काढू शकत होतं.

माझ्या मते या काढ्याच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं वळण हेच, पुढची सगळी प्रकरणं यातूनच निघतात. चीनमध्ये या काढ्यावरून वाद झाले ते वेगळेच, मुख्यतः छायहू यकृताचा ओलावा ओरबाडून नेतं का, यावर. बोटाला लागणाऱ्या चिन्हामुळे जपानी वैद्यकाला ‘शो’, म्हणजे काढा ठरवणारं रुग्णाचं लक्षणचित्र, या शब्दाचा टणक अर्थ मिळाला: अमुक चिन्ह दिसलं की अमुक काढा, मधल्या तत्त्वज्ञानाची गरज नाही. त्यात ग्रंथातलंच एक वाक्य कामी आलं. छायहूच्या लक्षणांपैकी एक दिसलं तरी पुरे, सगळी असायची गरज नाही, असं तिथे म्हटलंय. मग ते एक बरगडीखालचं असलं तर काय हरकत?

1874पासून जपानमध्ये डॉक्टर व्हायला पाश्चात्त्य वैद्यकाची परीक्षा आली आणि 1895मध्ये जुन्या वैद्यांची कैफियत संसदेने फेटाळली. परंपरा टिकली, पण तिचे काढे लिहिणारा आता पाश्चात्त्य वैद्यक शिकलेला डॉक्टर होता. त्याच्यासाठी उजव्या बरगडीखाली यकृत असतं. बोटाला तिथे आडकाठी लागली, तर त्याच्या मनात यकृतच येणार.

1976मध्ये विम्याच्या यादीत असे काढे मोठ्या संख्येने घेतले गेले, तेही नव्या औषधांसारख्या चाचण्या न मागता. परंपरेचा अनुभव पुरेसा मानला गेला. हा निर्णय आजही वादात आहे. बाजू घेणारे म्हणतात, त्यामुळेच ही औषधं सामान्य माणसाला परवडली. मला अडचण दिसते ती विम्याच्या कागदाची. त्यावर रोगाचं नाव लागतं, ‘शो’ला तिथे रकाना नाही. या काढ्याच्या नावापुढे ‘जुनाट हिपॅटायटिसमधला यकृताचा बिघाड’ असं लिहून आलं आणि पोट न दाबताही तो देता येऊ लागला.

पुरावा अगदीच नव्हता असं नाही. 1980च्या दशकातल्या 222 रुग्णांच्या चाचणीत 12 आठवड्यांत यकृताच्या एन्झाइमचे आकडे उतरले. सिऱ्हॉसिसच्या, म्हणजे यकृत घट्ट होत जाण्याच्या आजाराच्या, 260 रुग्णांवर पाच वर्षं लक्ष ठेवणाऱ्या दुसऱ्या अभ्यासात काढा घेणाऱ्यांना यकृताचा कर्करोग कमी झाला, पण एकूण फरक पक्का म्हणावा इतका नव्हता. मात्र पुड्या घेणाऱ्यांची संख्या वाढतच गेली.

मात्रेचा घोळही सांगायला हवा. हान काळातला ल्यांग 14-15 ग्रॅमचा धरला, तर अर्धा जिन छायहू शंभर ग्रॅमच्या वर जातं. आजच्या चिनी पाठ्यपुस्तकांत ते 24 ग्रॅम लिहितात. जपानी पुड्यांत दिवसाला छायहू 7, बानश्या 5, ह्वांगछिन, जिनसेंग आणि बोरं 3-3, ज्येष्ठमध 2 आणि वाळलेलं आलं 1 ग्रॅम. बेरीज करून पाहा: सातही जिनसा मिळून 24 ग्रॅम, म्हणजे चिनी पुस्तकातल्या एकट्या छायहूइतक्या. तरीही माणसं दगावली, ‘कमी मात्रेत अपाय कसला’ या भरवशाला इथे आधार नाही.

फुप्फुसाच्या त्रासाची पहिली नोंद 1989ची. 1992पासून विषाणूमुळे होणाऱ्या हिपॅटायटिस सीसाठी इंटरफेरॉन हे इंजेक्शन आलं आणि दोन्ही औषधं एकाच रुग्णाला मिळू लागली. एका अभ्यासात नुसत्या इंटरफेरॉनवर 0.5 टक्के, नुसत्या काढ्यावर 0.7 टक्के आणि दोन्हींवर 4 टक्के रुग्णांना हा त्रास झालेला दिसला. जानेवारी 1994मध्ये ती जोडी बंद झाली. 1996चे 88 रुग्ण त्या बंदीनंतरचे. 2000मध्ये सिऱ्हॉसिस आणि यकृताच्या कर्करोगाच्या रुग्णांना काढा पूर्ण वर्ज्य झाला. संशय मुख्यतः ह्वांगछिनवर आहे.

परंपरेच्या बाजूने आलेलं उत्तर ठरीव होतं: ‘शो’ न बघता रोगाच्या नावावर दिलं म्हणून असं झालं. त्यात तथ्य आहे. फुप्फुसाच्या या त्रासाची पहिली खूण कोरडा खोकला आणि ताप ही, आणि खोकला आला की काढा बदला, असं ग्रंथात सांगून ठेवलंय. कारखान्यातून बंद होऊन आलेली पुडी बदलणार कशी? पण हे उत्तर सोयीचंही आहे. रुग्ण बरा झाला तर काढा चांगला, बिघडला तर ‘शो’ चुकला, असं म्हटल्यावर काढा कधी चुकूच शकत नाही.

2014पासून जपानमध्ये इंटरफेरॉनशिवाय, थेट विषाणूवर काम करणाऱ्या गोळ्या मिळू लागल्या आणि हिपॅटायटिस सीपुरतं काढ्याचं कारण सरलं. चीनमध्ये तो 2020मध्ये वेगळ्या रूपात पुन्हा दिसला: कोविडसाठी सरकारने सुचवलेल्या 21 घटकांच्या काढ्यात चार जुन्या कृती एकत्र केल्या होत्या, त्यातली एक ही. जपानी पुडीच्या माहितीपत्रकात आज सगळ्यात वर फुप्फुसाच्या दाहाचा इशारा असतो. खाली उपयोगांच्या यादीत जुनाट हिपॅटायटिस अजून आहे, आणि त्याच यादीत न्यूमोनियाही.