बॉल स्क्रूची झीज

व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचं मशीनिंग सेंटर) किंवा कुठल्याही सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरने चालणाऱ्या मिलिंग मशीनमध्ये सर्व्हो मोटर फिरते आणि टेबल सरळ सरकतं, हे काम करणारा स्क्रू म्हणजे बॉल स्क्रू. मशीन सतत प्रॉडक्शनला चालत असेल तर त्याच्या खाचा, त्यावर सरकणारा आणि टेबलला जोडलेला नट आणि नटमधले बॉल हळूहळू झिजत जातात आणि टेबलला प्ले म्हणजे ढिलेपणा येतो, शॉपवर त्याला नुसतं "बॅकलॅश आला" म्हणतात. खानदेशात जळगाव एमआयडीसीकडे ठिबक आणि पीव्हीसी पाइपचा मोठा धंदा असल्यामुळे फिटिंगचे मोल्ड लागतात, आणि मोल्डचा फिनिशिंगचा प्रोग्राम एकदा लावला की तासन्तास थांबत नाही, त्यामुळे टूलरूमवाल्यांनी (मोल्ड बनवणाऱ्यांनी) तर हा विषय नीट समजून घ्यायलाच हवा.

साध्या चौकोनी आट्याच्या स्क्रूमध्ये धातूवर धातू घासतो. इथे मधे कडक स्टीलचे बॉल लोळतात, म्हणून ९० टक्क्यांच्या आसपास ताकद कामाला लागते. नट बसवताना बॉल किंचित मोठे टाकून किंवा दोन नटांमध्ये स्पेसर घालून थोडा दाब ठेवलेला असतो, त्याला प्रीलोड म्हणतात. झिजेत आधी हा प्रीलोडच जातो. तेव्हा डायलला (सरकणं मोजायच्या काट्याच्या गेजला) काहीच दिसत नाही पण फिनिश बिघडायला लागतं, टूल चिरचिरतं, गोल बोअरमध्ये (भोकात) जिथे अ‍ॅक्सिस, म्हणजे टेबल सरकायची एकेक दिशा, उलटतो तिथे बारीक पायरी उमटते. खरा बॅकलॅश नंतर येतो. आणि बहुतेक मशीनवर एन्कोडर, म्हणजे फिरणं मोजणारा सेन्सर, मोटरच्या मागे असतो, म्हणजे कंट्रोलला स्क्रू किती फिरला ते कळतं, टेबल किती सरकलं ते कळत नाही, म्हणून स्क्रीनवर आकडा बरोबर आणि जॉब चुकीचा असं होतं.

सतत प्रॉडक्शनमधली सगळ्यात वाईट गोष्ट ही की झीज सगळीकडे सारखी होत नाही. जॉब धरणारा व्हाइस कायम टेबलाच्या मधोमध, जॉब तोच, स्ट्रोक (टेबलाची पुढेमागे हालचाल) तोच, मग स्क्रूचा मधला दीड-दोनशे मिलिमीटरचा भाग घासतो आणि टोकं नव्यासारखी राहतात. त्यात स्ट्रोक फारच छोटा असेल तर बॉल नटमधून पूर्ण फेरी मारतच नाहीत, तेच बॉल त्याच जागी पुढेमागे होतात, तेलाचा थर तुटतो. मग कोणीतरी फानुक कंट्रोलच्या १८५१ पॅरामीटरमध्ये, म्हणजे प्ले भरून काढायच्या सेटिंगमध्ये, बॅकलॅशचा आकडा वाढवतो. मधे जॉब बरोबर यायला लागतो खरा, पण टोकाला तोच आकडा जास्त पडतो आणि तिथला जॉब बिघडतो. आकडा वाढवून गेलेला प्रीलोड परत येत नाही, कडकपणा तर नाहीच नाही, म्हणून हा उपाय मला तात्पुरताच वाटतो.

म्हणून डायल तीन जागी लावायचा, मधे आणि दोन्ही टोकांना. हँडव्हीलने एका दिशेने येऊन काटा शून्य करायचा, अजून थोडं त्याच दिशेने जायचं, मग उलट फिरून त्याच आकड्यावर परत आणायचं, काटा जितका मागे राहील तितका प्ले. मधे जास्त आणि टोकांना कमी आला तर स्क्रू झिजलाय. तिन्हीकडे सारखाच आला तर आधी टोकाचं बेअरिंग, त्याचा लॉकनट आणि कपलिंग बघायचं, कारण तिथला दोष निघाला तर स्क्रू बदलायचा मोठा खर्च वाचतो. झेड अ‍ॅक्सिसवर हेडचं वजन नटला एकाच बाजूला दाबून धरतं म्हणून तिथली झीज लवकर दिसत नाही.

कारणांमध्ये तेल पहिलं. ऑटो ल्यूबच्या (आपोआप तेल देणाऱ्या पंपाच्या) टाकीतलं तेल कमी होत नसेल तर ती बचत नाही, लाइन चोक आहे. बिडाची बारीक पावडर नटच्या तोंडावरच्या वायपर सीलमधून आत गेली किंवा कूलंटने तेल धुतलं तर खाचेला पॉलिश पेपर लावल्यासारखं होतं. लोडचा हिशोबही कडक आहे, लोड दुप्पट झाला तर आयुष्य साधारण आठवा भाग उरतं, म्हणून बोथट टूल रेटत राहू नये. शेवटी खाचेचे पापुद्रे निघतात, आवाज येतो, सर्व्होचा लोड वर-खाली होतो.

उन्हाळ्यात एक गल्लत होते. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास जातो, शेड तापतं, त्यात स्क्रू स्वतःच्या घर्षणाने बेडपेक्षा (मशीनच्या पायापेक्षा) जास्त गरम होतो. स्टील दर मीटरला दर अंशाला साधारण ११-१२ मायक्रॉन वाढतं, म्हणजे अर्धा मीटर स्क्रू बेडपेक्षा १० अंश गरम झाला तर पन्नास-साठ मायक्रॉनचा फरक सहज. सकाळी बरोबर, दुपारी सरकलेलं आणि रात्री परत जागेवर आलं तर ती झीज नाही, झीज थंड झाल्यावर भरून येत नाही.

थोडी झीज असेल तर नट उघडून मोठे बॉल टाकून प्रीलोड परत आणता येतो, पण मधला भाग जास्त खाल्लेला असेल तर मधे बसलेला नट टोकाला अडकतो, तेव्हा खाचा परत ग्राइंड करायच्या किंवा स्क्रू-नट जोडीनेच बदलायचा. बदलल्यावर नट आणि दोन्ही टोकांची बेअरिंगं एका रेषेत आहेत का ते बघायचं, नाहीतर नवा स्क्रूही एका बाजूने घासतो, आणि कंट्रोलमधलं जुनं बॅकलॅश आणि पिच एररचं (स्क्रूच्या आट्यांच्या अंतरातल्या चुकीचं) कॉम्पेन्सेशन काढून लेझरने नव्याने मोजून भरायचं.