पहिला कॉम्प्युटर जोडताना: वाट पाहणारा प्रोसेसर, वाट शोधणारी उष्णता

सुटे भाग आणून स्वतःच्या हातांनी कॉम्प्युटर जोडायचा ठरवला की पहिल्यांदा हातात पडते ते कोटेशन. खरेदी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असो वा ऑनलाइन, त्यावर ओळी त्याच असतात: प्रोसेसर, मदरबोर्ड (सगळे भाग जिच्यावर बसतात ती पाटी), रॅम (चालू कामाची तात्पुरती स्मृती), एसएसडी (माहिती कायम साठवणाऱ्या चिप), ग्राफिक्स कार्ड, एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा), कॅबिनेट. नवखा ग्राहक पहिली ओळ सर्वांत बारकाईने वाचतो आणि शेवटच्या दोन ओळींवर पैसे वाचवतो. ही सवय मला चुकीची वाटते, आणि ती का चुकीची आहे हे कळण्यासाठी प्रोसेसरचा वेळ कशात जातो ते पाहावे लागते.

५ गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या प्रोसेसरचे सेकंदाला ५०० कोटी ठोके पडतात; या ठोक्यांच्या तालावरच त्याचे काम पुढे सरकते. एका ठोक्याच्या अवधीत प्रकाशसुद्धा जेमतेम ६ सेंटीमीटर पुढे जातो, त्यामुळे रॅमचे स्लॉट प्रोसेसरच्या शेजारीच का असतात हे लक्षात येते. आता हा एक ठोका एका सेकंदाएवढा ताणला आहे असे समजू. प्रोसेसरच्या पोटातल्या सर्वांत जवळच्या कॅशमधून, म्हणजे छोट्या पण अतिवेगवान स्मृतीतून, माहिती चार-पाच सेकंदांत मिळते. तीच रॅममधून आणायची तर सहा-सात मिनिटे लागतात, चांगल्या एसएसडीवरून आणायची तर तीन-चार दिवस, आणि मिनिटाला ७,२०० फेऱ्या घेणाऱ्या हार्ड डिस्कची तबकडी योग्य जागी फिरून येईपर्यंतच सरासरी आठ महिने उलटतात. जुन्या कॉम्प्युटरमधली हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली की तो नवा झाल्यासारखा का वाटतो, याचे उत्तर या हिशोबात आहे.

म्हणूनच ठोक्यांचा वेग हा अर्धाच हिशोब ठरतो. एएमडी कंपनीच्या रायझन ७ ७८००एक्स३डी या प्रोसेसरमध्ये ३२ एमबी कॅशवर आणखी ६४ एमबी कॅशचा थर रचलेला आहे. ८ कोअर (स्वतंत्रपणे काम करणारे गाभे) आणि कमाल ५ गिगाहर्ट्झ एवढ्या बळावर तो गेममध्ये १६ कोअरच्या, ५.७ गिगाहर्ट्झपर्यंत जाणाऱ्या एएमडीच्याच ७९५०एक्सलाही बहुतेक वेळा मागे टाकतो, कारण त्याला रॅमच्या दारात कमी वेळा थांबावे लागते. रॅमचेही असेच आहे. ती अपुरी पडली की ऑपरेटिंग सिस्टीम तिच्यातली माहिती एसएसडीवर हलवू लागते आणि आपल्या मापातली मिनिटे दिवसांवर जातात. सोळा जीबी घ्यायची असेल तर आठ-आठच्या दोन पट्ट्या घ्याव्यात, म्हणजे माहितीला दोन वाटा मिळतात. चार स्लॉट असतील तर त्या बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसतात. डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या दोन पिढ्यांच्या पट्ट्यांना २८८ पिना असल्या तरी खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसत नाही.

ग्राफिक्स कार्डाची गरज पडदा आणि काम पाहून ठरवावी. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर सुमारे २१ लाख ठिपके असतात, आणि गेममध्ये सेकंदाला साठ वेळा त्यांचे रंग नव्याने ठरवावे लागतात; फोर-के पडद्यावर हे काम चौपट होते. लेखन, हिशोब आणि अभ्यास एवढेच करायचे असेल तर प्रोसेसरमधले अंगभूत ग्राफिक्स पुरते.

आता त्या दुर्लक्षित ओळींकडे वळू. भिंतीतून येणारी २३० व्होल्टची वीज एसएमपीएस १२ व्होल्टवर आणतो आणि मदरबोर्डवरचे सर्किट ती आणखी उतरवून एक-सव्वा व्होल्टवर प्रोसेसरला देते. १.२ व्होल्टवर ६० वॅट हवे असतील तर प्रवाह ५० अँपिअर होतो. घरातला गिझरचा सॉकेट १६ अँपिअरचा असतो हे ध्यानात घेतले की नखाएवढ्या सिलिकॉनमधून काय वाहते आहे याची कल्पना येते. रायझन ७००० मालिकेचे प्रोसेसर मदरबोर्डवर ज्यात बसतात त्या एएम५ सॉकेटच्या १,७१८ पिनांपैकी बऱ्याचशा केवळ वीज नेण्या-आणण्यासाठीच असतात. आतल्या भागांना ४०० वॅट लागत असतील आणि एसएमपीएसची कार्यक्षमता ८० टक्के असेल, तर भिंतीतून ५०० वॅट खेचले जातात आणि उरलेल्या १०० वॅटची उष्णता त्या डब्यातच तयार होते. त्यामुळे हा भाग नामांकित आणि गरजेपेक्षा थोडा वरच्या क्षमतेचाच घ्यावा, असे माझे आग्रहाचे मत आहे.

प्रोसेसरने घेतलेली जवळजवळ सगळी वीज अखेर उष्णता होते आणि तिला बाहेरची वाट लागते. चिपवरचे धातूचे झाकण आणि कूलरचा तळ डोळ्यांना गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यात सूक्ष्म फटी असतात, आणि त्यातली हवा उष्णतेला अडवते. थर्मल पेस्ट लावायची ती या फटी भरण्यासाठी. मात्र हवेने थंड होणारा कोणताही कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेक प्रोसेसरांची तापमानमर्यादा ९५ अंश आहे. खोली २५ अंशांवर असेल तर हाताशी ७० अंशांचे अंतर असते. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात खोली ४५ अंशांवर गेली तर ते ५० अंशच उरते, आणि मर्यादा गाठली की प्रोसेसर आपला वेग आपणच उतरवतो. विदर्भात कॉम्प्युटर जोडणाऱ्याने म्हणूनच पुढून मोकळी हवा घेणारे जाळीचे कॅबिनेट निवडावे.

जुळणी सुरू करण्याआधी अंगावरची स्थिर वीज घालवण्यासाठी कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावावा. प्रोसेसरच्या कोपऱ्यातला छोटा त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवून तो अलगद ठेवावा; सॉकेटमधल्या पिनांना बोट लागू देऊ नये, कारण वाकलेली पिन सरळ करणे फार कठीण असते. नंतर सॉकेटची दांडी दाबताना जोर लागतो आणि कुरकुर ऐकू येते, त्याने घाबरून जाऊ नये. डीडीआर५ असेल तर पहिल्यांदा सुरू करताना पडदा काही मिनिटे काळाच राहतो. मदरबोर्ड त्या वेळी रॅमशी वेळेचा मेळ जमवत असतो, तेव्हा मध्येच बटण बंद करू नये. बायोस, म्हणजे मदरबोर्डचा स्वतःचा सेटिंगचा पडदा, उघडले की प्रोसेसरचे तापमान पाहावे. काहीच काम चालू नसताना ते मिनिटभरात ऐंशी-नव्वदवर चढले, तर कॉम्प्युटर बंद करून कूलर काढावा आणि त्याच्या तळावरची पारदर्शक फिल्म काढायची राहिली आहे का ते आधी तपासावे.