सक्तीचे शिक्षण आणि संपादणूक : देशोदेशींची तुलना

ठरावीक वयाच्या मुलाने शिक्षण घेतलेच पाहिजे, असे कायद्याने बांधून देणे म्हणजे सक्तीचे शिक्षण. ही सक्ती नेमकी कशाची आणि कोणावर, याचे उत्तर देशागणिक बदलते. ते न पाहता केलेली तुलना फसते. जर्मनीत शाळेत जाण्याचीच सक्ती आहे. मुलांना घरी शिकवायला जवळजवळ मुभा नाही, तसे करणाऱ्या पालकांना दंड होतो आणि याविरुद्ध युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेलेल्या एका कुटुंबाची २००६ मध्ये डाळ शिजली नाही. इंग्लंडमध्ये सक्ती शिक्षणाची, शाळेची नव्हे : १९९६ च्या शिक्षण कायद्याच्या कलम ७ नुसार मुलाला शाळेत ‘किंवा अन्य प्रकारे’ शिकवले तरी चालते. मात्र एकदा पटावर नाव चढले, की विनापरवानगी गैरहजेरीबद्दल पालकांना दंडाची नोटीस येऊ शकते. फिनलंडच्या कायद्यातला शब्दही ‘शिकण्याचे बंधन’ असाच आहे.

भारताचा प्रकार तिसराच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातील ‘सक्तीचे’ हा शब्द सरकारला बांधतो : शाळा काढणे, प्रवेश, उपस्थिती आणि शिक्षण पूर्ण होणे, ही सारी जबाबदारी शासनाची. पालकांचे कर्तव्य कलम १० मध्ये आहे, पण ते न पाळल्यास शिक्षा नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात सक्तीचा हुकूम काढला, तेव्हा मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दंड ठेवला होता. एका शतकात सक्तीचे तोंड असे फिरले.

कायद्यांचा क्रम थोडक्यात असा : प्रशिया या जुन्या जर्मन राज्यात १७६३, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये १८५२, जपानमध्ये १८७२. मॅसॅच्युसेट्सची सक्ती ८ ते १४ वयाच्या मुलांना वर्षाला अवघे १२ आठवडे, त्यांतले ६ सलग, एवढीच होती. अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यापर्यंत ती पोचायला १९१८ उजाडले. आपल्याकडे जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे किमान १२ वर्षे वयापर्यंत सक्तीची मागणी केली. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो साऱ्या बडोदे संस्थानाला लागू केला. गोपाळ कृष्ण गोखल्यांचे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे १९११ चे विधेयक मात्र पुढच्या वर्षी १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले.

सक्तीची वर्षे वाढली की गुण वाढतात, हा समज आकड्यांवर टिकत नाही. सिंगापूरमध्ये सक्तीचा कायदा २००३ पासून आहे आणि तो फक्त ६ वर्षांच्या प्राथमिक शिक्षणापुरता. तरी २०२२ च्या ‘पिसा’ या १५ वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत गणितात ५७५ गुणांसह तो पहिला होता. जर्मनीचे ४७५. फिनलंड २००६ मध्ये ५४८ वर होता, २०२२ मध्ये ४८४ वर आला. फिनलंडने २०२१ मध्ये सक्तीचे वय १८ केले, पण घसरणीशी त्याचा संबंध जोडणे चूक : ती आधीच सुरू होती, आणि चाचणी देणारी १५ वर्षांची मुले तेव्हा नववीपर्यंतच्या मूलभूत शाळेतच होती. नेमकी गोम इथे आहे. श्रीमंत देशांत १५ व्या वर्षी जवळपास सगळेच शाळेत असतात, त्यामुळे १६ ते १८ वयासाठीचा कायदा या चाचणीत दिसूच शकत नाही.

पिसा वय धरून चालते : १५ वर्षे ३ महिने ते १६ वर्षे २ महिने वयाची, सातवी किंवा वरच्या इयत्तेतली मुले. ‘टिम्स’ ही गणित-विज्ञानाची आंतरराष्ट्रीय चाचणी इयत्ता धरून चालते, चौथी आणि आठवी. त्यामुळे नापास करण्याची पद्धत असलेल्या देशात पिसाला मागच्या इयत्तांत अडकलेली मुलेही सापडतात. टिम्समध्ये तीच मुले वयाने मोठी होऊन चौथीत बसलेली असतात. शाळाप्रवेशाचे वयही इथे गोंधळ घालते (फ्रान्समध्ये २०१९ पासून सक्ती तिसऱ्या वर्षापासून, फिनलंडमध्ये पहिलीचे वय ७).

दुसरा सापळा शाळेबाहेरच्या मुलांचा. व्हिएतनामने २०१२ च्या पिसात गणितात ५११ गुण मिळवले तेव्हा कौतुक झाले, पण नमुन्याच्या कक्षेत देशातली १५ वर्षांची जेमतेम ५६ टक्के मुले होती. उरलेली बहुतांशी शाळा सोडून गेलेली. २०१८ मध्ये चीनच्या नावावर लागलेले गुण बीजिंग, शांघाय, जिआंग्सू आणि झेजियांग एवढ्यांचेच. भारतातून तमिळनाडू व हिमाचल प्रदेश पिसाच्या २००९ च्या फेरीच्या विस्तारात उतरले आणि तळाशी राहिले. म्हणून गुणांच्या तक्त्याशेजारी व्याप्तीचा, म्हणजे त्या वयाची किती टक्के मुले नमुन्याच्या कक्षेत आली याचा, स्तंभ वाचावा. तो बहुतेक बातम्यांत गाळलेला असतो.

सक्तीचा स्वतंत्र परिणाम वेगळा काढणे अवघडच. अँग्रिस्ट आणि क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये युक्ती लढवली : अमेरिकेत वर्षारंभी जन्मलेली मुले शाळेत जास्त वयाची असताना दाखल होतात, म्हणून शाळा सोडण्याचे कायदेशीर वय ती कमी शिकून गाठतात. त्यांची पुढची कमाईही किंचित कमी निघाली. पण जन्म वर्षाच्या कोणत्या तिमाहीत झाला आणि शिक्षण किती झाले, यांचा दुवा फार क्षीण असल्याने या मापनावर नंतर सडकून टीका झाली.

भारतात प्रश्न प्रवेशाचा फारसा उरलेला नाही. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या सर्वेक्षणाच्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भागातील ६ ते १४ वयाची ९८.१ टक्के मुले पटावर आहेत. पाचवीतल्या मात्र ४८.८ टक्के मुलांनाच दुसरीचा उतारा वाचता येतो. शिवाय पट म्हणजे हजेरी नव्हे. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०११ च्या पटपडताळणीत बनावट विद्यार्थ्यांची नावे निघाली होती. ऊसतोड कामगारांची मुले हंगामात आईबापांमागे फडावर जातात. त्यांच्यासाठी कारखान्यांच्या परिसरात हंगामी ‘साखरशाळा’ काढल्या गेल्या, पुढे स्थलांतरित मुलांना जातील तिथल्या शाळेत शिकता यावे म्हणून शिक्षण हमी कार्ड आले. हंगाम संपून मूल गावी परतते तेव्हा वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली असते, आणि हजेरीपटावर त्याचे नाव तसेच असते.