सोमाली वंशावळींचा वाद : शेख, कुळे आणि जनुके

सोमालियाच्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहात २७५ जागा आहेत. २०१६ सालच्या निवडप्रक्रियेत त्यांपैकी प्रत्येकी ६१ जागा दारूद, हाविये, दिर आणि दिगिल-मिरिफले या चार कुळसमूहांना देण्यात आल्या आणि उरलेल्या ३१ जागांवर बाकी सर्व समाजांची बोळवण झाली. ‘साडेचार’ (चार पूर्ण वाटे आणि एक अर्धा) या नावाने ओळखले जाणारे हे सूत्र २००० साली जिबुतीतील आर्ता येथे भरलेल्या परिषदेपासून चालत आले आहे. त्यात उत्तरेकडील इसाक कुळसमूह दिरांच्या खात्यात धरला जातो. इसाकांपैकी अनेकांना हे मान्य नाही, कारण त्यांच्या परंपरेनुसार त्यांचा मूळपुरुष अरबस्तानातून आलेला शेख होता आणि दिरांशी त्यांचे नाते फार तर आजोळचे ठरते. कोण कोणाचा वंशज, हा प्रश्न असा थेट सत्तेच्या हिशेबात उतरत असल्यामुळे जनुकीय अभ्यासांचे निष्कर्षही तेथे निव्वळ कुतूहलापोटी वाचले जात नाहीत.

सोमाली मुलांकडून वडील, आजोबा, पणजोबा असे करत थेट मूळपुरुषापर्यंतची नावे लहानपणीच तोंडपाठ करून घेतली जातात. या उजळणीला अबतिर्सी म्हणतात. दोन अनोळखी माणसे भेटली की दोघांच्या यादीत पहिले सामाईक नाव कोठे येते ते पाहायचे आणि नात्याचे अंतर तेथून मोजायचे, अशी ही पद्धत आहे. भटक्या पशुपालकांच्या मुलखात ना कोतवाल होता ना न्यायाधीश, त्यामुळे हीच यादी कायद्याच्या कामी येई. खून झाला तर मारेकऱ्याच्या गटाने मृताच्या गटाला ‘माग’ म्हणजे रक्तमूल्य द्यायचे; परंपरेने पुरुषासाठी १०० उंट आणि स्त्रीसाठी ५०. इतके उंट एकट्याच्या गोठ्यात नसतात. म्हणून काही पिढ्यांमागच्या एका पूर्वजाच्या नावाने बांधलेला गट ते मिळून भरतो आणि कोणाचा वाटा किती, हे ‘हीर’ या करारात ठरते.

मात्र या याद्या सरळ इतिहास म्हणून वाचता येत नाहीत. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ आय. एम. लुईस यांनी १९५०च्या दशकात उत्तर सोमालीभूमीत काम करताना टिपलेली एक गोष्ट येथे फार उपयोगी आहे. एकाच मूळपुरुषापासून फुटलेल्या शाखांपैकी मोठ्या शाखांतील माणूस जास्त नावे मोजतो आणि लहान शाखांतील त्याच्याच वयाचा माणूस कमी. सोमाली लोक स्वतःच पहिल्या प्रकारच्या शाखेला लांब फांदी आणि दुसऱ्या प्रकारच्या शाखेला आखूड फांदी म्हणतात. दोन्ही याद्या जशाच्या तशा खऱ्या मानल्या, तर एका शाखेतील पिढ्या दुसरीपेक्षा सातत्याने लवकर बदलत गेल्या असे म्हणावे लागेल. लहान शाखेत ज्या नावांपासून फाटा फुटला तीच लक्षात राहिली आणि मधली गळली, हे त्यापेक्षा अधिक पटण्यासारखे आहे.

वाद खरा पेटतो तो यादीच्या वरच्या टोकाला. दारूद समूह आपला वंश अब्दुर्रहमान बिन इस्माईल अल्-जबर्ती या शेखापासून सांगतो. तो अरबस्तानातून आला, त्याने दिरची मुलगी दोंबिरो हिच्याशी लग्न केले आणि सनाग प्रदेशातील हयलान येथे त्याची कबर आहे, अशी कथा आहे. इसाकांचा शेख इशाक याची कबर त्याच प्रदेशात किनाऱ्यावरील मैध येथे आहे. हाविये आणि दिर यांची परंपरा समाले या पूर्वजाकडे आणि त्याच्याद्वारे पैगंबरांचे चुलत बंधू अकील यांच्याकडे जाते. तांबड्या समुद्राच्या पलीकडे व्यापार आणि धर्म या दोन्हींची केंद्रे असताना पूर्वजही पलीकडून यावा, यात आश्चर्य नाही. मुस्लीम जगाच्या इतर कडांवरही असेच घडलेले दिसते.

तरीही सगळ्या वंशावळी बनावट म्हणून मोकळे होता येत नाही. सोळाव्या शतकात मुस्लीम सेनानी इमाम अहमद याने इथिओपियाच्या ख्रिस्ती राज्यावर केलेल्या मोहिमांचा वृत्तान्त अरबीत उपलब्ध आहे. त्यात हर्ती आणि मरेहान या सोमाली तुकड्यांचा उल्लेख येतो आणि ही दोन्ही नावे आजच्या दारूद वंशवृक्षात जागेवर आहेत. म्हणजे झाडाचा मधला भाग निदान पावणेपाचशे वर्षांचा आहे. शंका आहे ती मुळांबद्दल.

या तोंडी याद्या कागदावर येण्याच्या प्रक्रियेत मुंबईचाही वाटा आहे. १८३९ साली कंपनी सरकारने एडन घेतले आणि ते मुंबई इलाख्याला जोडले. पुढे सोमाली किनाऱ्यावरील ब्रिटिश संरक्षित प्रदेशाचा कारभारही १८९८ पर्यंत हिंदुस्थान सरकारच्या अखत्यारीत एडनमार्गे चाले. १८५४ साली एडनहून आजच्या इथिओपियातील हररला गेलेला रिचर्ड बर्टन हा मुंबई लष्करातलाच अधिकारी होता आणि दारूद-इसाकांच्या उत्पत्तिकथा त्याने आपल्या प्रवासवृत्तान्तात नोंदवल्या. तोंडी असताना गरजेप्रमाणे वाकणारी यादी एकदा छापली गेली की पक्की होते, आणि वसाहतीच्या कारभाराला तर पक्क्याच याद्या हव्या होत्या.

या पक्केपणाचा एक नमुना केनियात पाहायला मिळतो. तेथे स्थायिक झालेल्या इसाक व्यापाऱ्यांनी आपण ‘नेटिव्ह’ नसून आशियाई आहोत, असा दावा लावून धरला होता. १९३६ साली नवा डोईपट्टी कायदा आला. त्यात आशियाईंना ३० शिलिंग आणि सोमालींना २० शिलिंग कर होता. इसाकांनी आंदोलन केले ते जादा कर आपल्याकडूनही घ्यावा म्हणून! दहा शिलिंगांच्या बदल्यात आशियाई दर्जा आणि त्यासोबतच्या सवलती मिळणार होत्या, आणि पुरावा म्हणून पुढे केला जात होता तो अरबी पूर्वज. मैधच्या कबरीला नैरोबीच्या कचेरीत एवढी किंमत येईल, असे ती बांधणाऱ्यांच्या स्वप्नातही आले नसेल.

अभ्यासकांच्या बाजूने पहिला मोठा धक्का जनुकशास्त्राने नव्हे, तर भाषेच्या अभ्यासाने दिला. सोमाली ही कुशिटिक, म्हणजे ईशान्य आफ्रिकेतील एका भाषाकुळातली, भाषा आहे. तिच्या बोली आणि तिच्या जवळच्या भाषा यांतील वैविध्य दक्षिणेकडे जास्त आहे. ज्या भागात वैविध्य अधिक तेथे वस्ती जुनी, या तत्त्वावर हर्बर्ट लुईस यांनी १९६६ साली मांडले की, सोमालींचा प्रसार दक्षिणेकडून उत्तरेकडे झाला असावा. उत्तर किनाऱ्यावर उतरलेल्या शेखांच्या वंशजांनी दक्षिणेकडे सरकत देश व्यापला, ही तोवरची मांडणी त्यामुळे डळमळीत झाली.

२००५ साली डेन्मार्कमधील संशोधकांनी २०१ सोमाली पुरुषांच्या वाय गुणसूत्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जाते, म्हणजे नेमकी अबतिर्सीचीच वाट चालते. तीन चतुर्थांशांहून अधिक पुरुषांत ई३बी१ हा ईशान्य आफ्रिकेत रुळलेला पितृगट सापडला. सोमाली पुरुष इथिओपिया आणि उत्तर केनियातील ओरोमो लोकांच्या जवळचे ठरले आणि हा गट त्यांच्यात चार ते पाच हजार वर्षांपूर्वी शिरला असावा, असा अंदाज निघाला. युरेशियाई मुळाची गुणसूत्रे सुमारे १५ टक्के भरली. त्यांतही १० टक्क्यांहून किंचित अधिक वाटा आज ‘टी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एकाच गटाचा होता, आणि तो इस्लामच्या कितीतरी आधी आफ्रिकेत आलेला असावा. या गटाचे प्रमाण सर्वांत जास्त आढळते ते दिरांच्या काही शाखांत. म्हणजे कथेत ज्यांची मुलगी परदेशी शेखाला दिली जाते त्या दिरांतच सागरापलीकडची पितृरेषा ठळक आहे, आणि लक्षावधी दारूद-इसाक एकाच अरबाचे थेट वंशज असते तर ज्या प्रमाणात अरबी गट दिसायला हवा होता तसा तो दिसत नाही.

तरीही समुद्रापलीकडचे रक्त नाहीच, असाही अर्थ नाही. वाय गुणसूत्र सोडून संपूर्ण जनुकसंच पाहिला तर सोमालींच्या वारशाचा मोठा हिस्सा आफ्रिकेबाहेरचा निघतो. २०१४ सालच्या एका अभ्यासाने त्याला ‘इथियो-सोमाली’ घटक म्हटले आणि तो इतर आफ्रिकेतर समूहांपासून किमान २३ हजार वर्षांपूर्वी वेगळा झाल्याचे मांडले. त्या अभ्यासानुसार हे स्थलांतर शेतीच्याही आधीचे आहे. कुरैश (पैगंबरांचे कुळ), शेख आणि जहाजे यांच्याशी त्याचा संबंध जोडता येत नाही. अरबी वंशाचे समर्थक हाच आकडा आपल्या बाजूने फिरवतात, ती सोयीची चूक आहे. उलट, शेख झालेच नाहीत हेही जनुके सांगू शकत नाहीत. धर्मोपदेशक आला, शिष्य जमले, कबरीभोवती करार झाले आणि करारातल्या सर्वांनी त्याला बाप मानले, इतके घडायला त्याच्या गुणसूत्राची गरज नव्हती.

असे नाव घेणे दक्षिणेत तर उघड रूढ होते. दिगिल-मिरिफले मुलखात बाहेरचा गट एखाद्या कुळाच्या आश्रयाला आला की त्याचे नाव लावी आणि त्याच्या मागात वाटा उचली. याला शेगद म्हणतात. एकोणिसाव्या शतकात टांझानिया-मोझांबिककडून गुलाम म्हणून आणलेल्या आणि जुब्बा खोऱ्यात शेती करणाऱ्या लोकांच्या वंशजांनीही कुळांची नावे अशीच घेतली होती. १९९१ साली मध्यवर्ती सरकार कोसळल्यावर हत्यारबंद टोळ्यांनी त्यांची धान्याची कोठारे लुटली, तेव्हा त्या नावांनी त्यांना फारसे संरक्षण दिले नाही. पुष्कळ जण केनियातील छावण्यांत गेले आणि २००३ नंतर सुमारे १२ हजार जणांना अमेरिकेने वसवून घेतले. मागे राहिलेल्यांची गणना आज त्या ३१ जागांच्या अर्ध्या वाट्यात होते.